फाउंटनला भेट

बाबांच्या ऑफिसात फोन होता, पण तो मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. घरी तर नव्हताच. त्यामुळे संध्याकाळी बाहेर भेटायचं असलं की ते सकाळी डबा भरतानाच ठरे, आणि ठरवायचं वाक्य वर्षानुवर्षं तेच. चपला पायात सरकवत बाबा म्हणत, "मग साडेपाचला, फाउंटनला." आई म्हणे, "बरं." एवढ्यावर भागायचं. फाउंटनला म्हणजे नेमकं कुठे, कोणत्या बाजूला, हे कधी कुणी विचारलं नाही.

मी तेव्हा दुसरीत असेन. पावसाळ्याआधीची काहीतरी खरेदी होती, बहुतेक रेनकोटाची. परळहून बसने आम्ही दोघी आलो. कंडक्टर "फाउंटन, फाउंटन" असं ओरडला, आईने दंडाला धरून मला खाली उतरवलं आणि आम्ही एका कोपऱ्यावर उभ्या राहिलो. फाउंटन म्हणजे कारंजं, हे बाबांनी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. कारंजं मी त्याआधी एका चित्रात पाहिलेलं. म्हणून मी पाणी शोधत होते. गाड्या होत्या, बस होत्या, छत्र्यांच्या दुरुस्तीवाला होता, पाणी कुठेच नव्हतं.

"आई, कारंजं कुठाय?"

"हे काय समोर."

समोर एक पांढरं, थोराड, मजल्यामजल्यांचं काहीतरी उभं होतं. खाली रुंद, वर निमुळतं होत गेलेलं, मध्ये मध्ये वाट्यांसारखे खोलगट भाग आणि टोकाला एक बाई. थेंबभर पाणी नाही. मी नीट बघून घेतलं आणि आईला म्हटलं, "ही तर समई आहे."

बाबा आल्याआल्या आईने त्यांना ते सांगितलं. ते रस्त्यातच मोठ्यांदा हसले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात फ्लोरा फाउंटनला 'समई' असं नाव पडलं.

आता पन्नाशी उलटल्यावर वाटतं की त्या वयातली माझी नजर तितकी चुकलेली नव्हती. घडण समईचीच आहे. मधोमध दांडा, त्याभोवती वरून खाली रुंदावत जाणारी ताटं, आणि वरच्यातून ओसंडून खालच्यात पडेल असा हिशेब. तेलाऐवजी पाणी, एवढंच. चुकलं होतं ते इतकंच, की समई पेटवायला कुणीतरी आलेलं असतं. हिच्याकडे माझ्या सबंध लहानपणात कुणी आलेलं मला दिसलं नाही.

फाउंटन या शब्दाचं मुंबईत काय झालं, हे खरं तर एखाद्या भाषावाल्याने बघायला हवं. इंग्रजीत तो पाण्याचा शब्द. मुंबईच्या मराठीत तो निव्वळ ठिकाणाचा, सायन किंवा माटुंग्यासारखा. "फाउंटनला उतर", "फाउंटनला जुनी पुस्तकं मिळतात", "फाउंटनवरून चालत ये". बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाणी मुळीच येत नाही. कॉलेजात असताना मी कितीतरी दुपारी तिथल्या फूटपाथवरच्या पुस्तकांत डोकं घालून घालवल्या, आणि त्या पाच वर्षांत एकदाही मान वळवून कारंज्याकडे पाहिल्याचं आठवत नाही. ते होतं म्हणून तो पत्ता होता, आणि पत्ता झालं म्हणून ते दिसेनासं झालं.

पण ते मुळात तिथे आलं कसं, याची गोष्ट मजेशीर आहे.

आज ते जिथे उभं आहे तिथे पूर्वी मुंबईच्या कोटाचा पश्चिमेचा दरवाजा होता. कोटाला तीन मुख्य दरवाजे: उत्तरेला बझार गेट, दक्षिणेला अपोलो गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. चर्च म्हणजे आतल्या बाजूचं, १७१८ मध्ये उघडलेलं सेंट थॉमस चर्च. त्या चर्चकडे नेणारा दरवाजा तो चर्च गेट. १८६२ मध्ये बार्टल फ्रिअर गव्हर्नर होऊन आला तेव्हा तटबंदीचा उपयोग संपलेला होता. समुद्रावरून कुणी हल्ला करायला येत नव्हतं, आणि आत गर्दी एवढी की श्वास कोंडावा. फ्रिअरने तट पाडायला काढले. दरवाजा गेला, नाव मात्र राहिलं आणि पुढे रेल्वेने उचलून ते पश्चिमेला नेलं. आज चर्चगेट स्टेशनवर उतरणाऱ्या लाखो माणसांपैकी कुणालाही तिथे ना चर्च दिसतं ना गेट. दोन्ही शोधायचं तर वीर नरिमन रस्त्याने पूर्वेकडे चालत यावं लागतं. दरवाजाच्या जागी फ्लोरा भेटते, चर्च त्याच्याही पुढे.

तर दरवाजा पडला आणि मोठी मोकळी जागा झाली, पाचसहा बाजूंनी रस्ते येऊन मिळणारी. दुसरीकडे, भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे आपली राणीची बाग, १८६२ मध्येच उघडली होती. बाग सांभाळणारी संस्था होती अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. या सोसायटीने बागेसाठी एक कारंजं करून घ्यायचं ठरवलं. कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी २०,००० रुपये दिले. एकूण खर्च ४७,००० पर्यंत गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळा फुगा फुटला, पण तोवर शहराने अंगावर बरेच दागिने घालून घेतले होते.

कारंज्याला आधी फ्रिअरचं नाव द्यायचं घाटत होतं. ते बदललं आणि फ्लोरा झालं. जागाही बदलली. भायखळ्याच्या बागेसाठी घडवलेली बाई कोटाच्या पडक्या दरवाजावर आणून उभी केली.

हे कळलं तेव्हा माझं एक जुनं कोडं सुटलं. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची, वसंताची देवता. चौकाच्या मधोमध, जिथे गवताची काडी उगवायची मारामार, तिथे फुलांची देवी का? पाण्याची नाही, समुद्राची नाही, व्यापाराची तरी असावी, तीही नाही. याचं उत्तर इतकंच की ती बागेतच जायला निघाली होती. झाडापेडांत, ताटव्यांच्या मध्ये ती शोभली असती. लग्नाच्या वरातीने रस्ता चुकून भलत्याच मांडवात शिरावं तसं तिचं झालं, आणि मांडववाल्यांनी तिला ठेवूनही घेतलं.

आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ या वास्तुकाराचा. बांधणीचं साल १८६४ सांगतात, म्हणजे तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता आणि अजून मोठा झाला नव्हता. लंडनच्या पोलिसांची न्यू स्कॉटलंड यार्डची प्रसिद्ध इमारत त्याने त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी उभी केली. मूर्तिकाम जेम्स फोर्साइथचं. हा फोर्साइथ कारंज्यांमधलाच माणूस. इंग्लंडात विटली कोर्ट नावाच्या एका उमरावाच्या वाड्यापुढे राक्षसी मत्स्याशी झुंजणाऱ्या पर्सियसचं जे अवाढव्य कारंजं आहे, ते त्याच्याच हातचं. तिथे पाणी उडवायला वाफेचं इंजिन बसवलेलं होतं. आपल्याकडच्या फ्लोराचा थाट त्यामानाने घरगुती. ती कुणाशी झुंजत नाही, नुसती उभी आहे.

आता जरा जवळून. खाली रुंद कुंड. त्यावर चार बाजूंना मोठाले शिंपले, उघड्या ओंजळीसारखे, पडतं पाणी झेलून पुढे सांडायला. कोपऱ्यांवर पुराणकथांतल्या मूर्ती. डॉल्फिनही आहेत, पण ते ओळखायला आधी माहीत असावे लागतात. युरोपातल्या जुन्या शिल्पकारांचा डॉल्फिन म्हणजे खवल्यांचा, फुगल्या ओठांचा, शेपटीची वेटोळी केलेला एक मासा. खरा डॉल्फिन त्याला ओळख दाखवणार नाही. यावर हसायचं कारण नाही, कारण आपल्या देवळांच्या बाहेर अभिषेकाचं पाणी ज्याच्या तोंडातून पडतं तो मकर तरी कुणी पाहिलाय? थोडी मगर, थोडा हत्ती, थोडं आणखी काही. पाणी बाहेर काढायचं तर एखाद्या प्राण्याचं तोंड हवं, हे इकडे आणि तिकडे दोन्हीकडे वाटत आलं आहे. आपल्याकडे गोमुख असतं तेव्हा गाय तरी गायीसारखी दिसते.

आणि सगळ्यात वर फ्लोरा. वस्त्राच्या चुण्या फार सुंदर आहेत. त्या रस्त्यावरून कधी दिसत नाहीत, समोरच्या एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर काम निघालं तरच. मला एकदा तसं निघालं. खिडकीशी बसून एका फॉर्मच्या तीन प्रती भरता भरता पहिल्यांदा तिचा चेहरा समोरासमोर पाहिला. शिल्पकाराने तो माणसांच्या नजरेच्या उंचीवर घडवला आणि मग कुणाच्याच नजरेला पडू नये इतका उंच नेऊन ठेवला, हा त्या धंद्याचाच शाप म्हणायचा.

कारंज्याबद्दल लिहिताना लोक मूर्तीबद्दल फार लिहितात. पाण्याबद्दल लिहीत नाहीत. मला मात्र पाण्याचंच कौतुक वाटतं, कारण १८६० च्या आधी मुंबईत असं कारंजं उडवताच आलं नसतं. शहर तोवर विहिरी आणि तलावांवर जगत होतं. गोवालिया टँक, सी. पी. टँक, धोबी तलाव ही नावं त्याच काळाची, तलाव कधीच बुजले. उन्हाळा आला की हाल सुरू. मग मिठी नदीवर धरण बांधून विहार तलाव केला आणि १८६० मध्ये तिथलं पाणी नळाने शहरात आलं. नळाचं पाणी ही चैन नव्हती, ते जगण्याचं साधन होतं. पण नळाच्या पाण्याला विहिरीच्या पाण्यापेक्षा एक गोष्ट जास्तीची असते: जोर. विहार डोंगरात, शहर समुद्रसपाटीला. पाणी उंचावरून निघतं, बंद नळातून येतं, आणि वाट मिळाली की पुन्हा आपल्या मूळच्या उंचीकडे झेपावतं. वाटेत नळाशी घासून थोडा जोर जातो म्हणून तितकं चढत नाही, पण चढतं. पंप नको, इंजिन नको. कारंजं म्हणजे शहराकडे जोराचं पाणी असल्याची चौकात लावलेली पावती. पावती एवढी नटवून का लावायची, तर आदल्या पिढीने घागरी घेऊन रांगा लावलेल्या असतात.

हे सगळं मी एकदा मोठ्या उत्साहाने सासूबाईंना सांगत होते. त्या पुण्याच्या, त्यातून सदाशिव पेठेतल्या. शांतपणे शेंगा सोलत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्या कात्रजसारखंच."

झालं, जमीनच सरकली. त्यांचं बरोबर होतं. विहारच्या शंभरेक वर्षं आधी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून पुण्यात आणलं होतं. वाटेत जागोजागी उच्छ्वास, म्हणजे आतली हवा बाहेर पडायला आणि गाळ काढायला ठेवलेली दगडी धुराडी. त्या पाण्यावर पेठापेठांतले हौद भरत, आणि शनिवारवाड्यातलं सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हजारी कारंजं उडे. वाड्यातलं कारंजं वाड्यापुरतं, पण हौद सगळ्या गल्लीचे. निदान गल्लीतल्या ज्यांना हात लावू दिला जाई त्यांचे. ज्योतिराव फुल्यांना १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला तो उगाच नव्हे.

"पण फरक आहे," मी तरी म्हटलंच.

"काय फरक?"

फरक त्या क्षणी सुचला नाही. बऱ्याच वर्षांनी सुचला, तो असा, की फ्लोराचं पाणी कुणाच्याच घशासाठी नव्हतं. इंग्रजीत प्यायच्या पाण्याची सोय असो की उडणारं शोभेचं पाणी असो, दोन्ही फाउंटनच. मराठीत दोन शब्द आहेत, पाणपोई आणि कारंजं, आणि दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. मुंबईत पाणपोयाही, इथल्या बोलीत प्याऊ, भरपूर झाल्या. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी तर शहरात चाळीसेक बांधवल्याचं सांगतात. श्रीमंत गुजराती आणि भाटिया घराण्यांनी आपल्या गेलेल्या माणसांच्या नावे बांधल्या. कोटाच्या उत्तर टोकाकडची मुलजी जेठा घराण्याची पाणपोई बघाच, अकाली गेलेल्या मुलाच्या आठवणीत बांधलेली. व्ही. टी. स्टेशन उभं करणाऱ्या स्टीव्हन्सचीच ती कलाकृती, आणि माथ्यावर देव नाही की देवी नाही, पुस्तक वाचत बसलेला मुलगा आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या आत विल्यम इमर्सनने आखलेलं, लॉकवुड किपलिंगच्या कोरीवकामाचं एक आहे. मी पहिल्यांदा शोधत गेले तेव्हा त्याच्याभोवती फळांच्या पेट्यांची अशी चळत लागलेली की ते कारंजं आहे हे पेट्यावाल्यालाच विचारावं लागलं. तो म्हणाला, "हां, हा दगड ना?"

या सगळ्या पाणपोयांनी हमालाची, गाडीवानाची, बैलाची तहान भागवली, आणि त्यांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. जिने कुणाला ओंजळभर पाणी दिलं नाही तिच्या नावाने बस थांबते. मला यात थोडा अन्याय वाटतो. फ्लोरावर माझा राग नाही, बिचारी बागेत जायची होती.

आमच्या घरात त्या चौकाला नावं दोन होती. बाबा फाउंटन म्हणत. आजोबा कधीही म्हणत नसत. ते गिरणीत होते, आणि २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी जे हजारो कामगार चालत फाउंटनवर गेले त्यांत होते. त्या दिवशी तिथे गोळीबार झाला आणि १५ माणसं गेली. आंदोलन पुढे चाललं, आकडा वाढत गेला. नंतर याद्यांत तो १०६, १०७ असा झाला, पण आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत १०५ च. त्या दिवसाबद्दल ते फारसं बोलत नसत. बोलले तर चपलेबद्दल बोलत. पळापळीत एक चप्पल गेली, मग दुसरी कशाला म्हणून तीही त्यांनी तिथेच टाकली, आणि फाउंटनपासून परळपर्यंत अनवाणी आले. रस्त्यात इतक्या सुट्या चपला पडलेल्या होत्या, ते सांगत, की शोधायला थांबलो असतो तर जोडी जुळली असती, पण दुसऱ्याची जोडी झाली असती.

मग १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, चौकाचं नाव हुतात्मा चौक झालं, आणि कारंज्याच्या शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी आणि कामगाराचं स्मारक उभं राहिलं. आजोबा 'हुतात्मा चौक' असं पूर्ण म्हणायचे, दोन्ही शब्द स्वतंत्र उच्चारून. बाबा त्यांच्यासमोर बोलताना अडखळत आणि "ते, चौकात" अशी पळवाट काढत. मी आजही माणूस बघून नाव बदलते. टॅक्सीवाल्याला फाउंटन, पाहुण्याला फ्लोरा फाउंटन, आणि १ मे ला किंवा २१ नोव्हेंबरला काही लिहायचं असलं तर हुतात्मा चौक. तिन्ही वेळा जागा तीच असते, असं म्हणवत नाही.

जुन्या रोमच्या सणांची यादी चाळताना एक योगायोग सापडला. फ्लोराचा सण, फ्लोरालिया, २८ एप्रिलला सुरू होई आणि ३ मे पर्यंत चाले. म्हणजे १ मे ला सकाळी स्मारकावर पुष्पचक्रं वाहिली जातात तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या फुलांच्या देवीचाही सण चालू असतो. आजोबांना हे सांगायला हवं होतं. त्यांनी बहुधा "बरं मग?" असं म्हटलं असतं.

माझी समई पांढरी का दिसत होती त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. ऑइलपेंट. कुणाला तरी दगड मळका वाटला म्हणून रंग लावला, तो मळला म्हणून पुन्हा, मग पुन्हा. लग्नाआधी घराला हात मारावा तसे एकावर एक हात. खाली पोर्टलँड स्टोन होता, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून आणलेला, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलला वापरलाय तोच. सुएझचा कालवा उघडला १८६९ च्या नोव्हेंबरात, तेव्हा हे दगड बहुधा आफ्रिकेला वळसा घालून आले असणार. इथल्या गॉथिक इमारतींना कुर्ल्याचा, मालाडचा, पोरबंदरचा दगड चालला. हिच्यासाठी मात्र दगडसुद्धा विलायती.

पोर्टलँड स्टोन हा चुनखडीचा दगड, आणि चुनखडी श्वास घेते. पावसात पाणी पिते, उन्हात सोडते. वरून तेलाचा रंग चढवला की पाणी सांध्यासांध्यांतून आत शिरतंच, पण बाहेर पडायची वाट बंद. मुंबईच्या हवेत मीठ. ते पाण्याबरोबर आत जातं, पाणी आटलं की आतच त्याचे खडे होतात, खडे फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. वरून रंग तुकतुकीत, आत दगडाचा भुगा. कॉलेजात असताना एकदा कठड्यापाशी पडलेला एक पोपडा मी उचलला होता. पोस्टकार्डाएवढा जाड, कडेने पाहिलं तर थरावर थर: पांढरा, पिवळट पांढरा, करडा पांढरा, पुन्हा पांढरा. मागच्या बाजूला दाणेदार भुकटी चिकटलेली. बोटाने घासली तर साखरेसारखी सुटली. तेव्हा मला तो जुना रंग वाटला आणि मी फेकून दिला. ती भुकटी दगडाची होती.

कारंजं कित्येक वर्षं कोरडं राहिलं. मग पत्रे लागले आणि त्यांच्या आड विकास दिलावरी या संवर्धन वास्तुकारांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं. अशा कामात घाई चालत नाही. रंग खरवडावा तर कोरीवकाम जातं, वाळूचा मारा करावा तर दगडाची वरची कातडी जाते. भोवतालची फरसबंदी करताना जमीन उकरली तर खाली काळ्या दगडात बसवलेले ट्रामचे रूळ निघाले. मुंबईत ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, घोड्यांची. १९०७ मध्ये विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. ती शेवटची ट्राम बघायला बाबा गेले होते. रुळांचा फोटो पेपरात आला तो मी त्यांना दाखवला. ऐंशीच्या पुढचे होते, डोळ्यांनी अधू. भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मी म्हणत होतो ना, काढले नाहीत, नुसतं वरून डांबर टाकलंय." असं ते कधी म्हणाले होते, आम्हाला कुणालाच आठवेना.

२०१९ च्या जानेवारीत पत्रे निघाले आणि पाणी सुरू झालं. मी लगेच गेले नाही, बाबांचं आजारपण होतं. गेले ते पुढे दोन वर्षांनी, रविवारी सकाळी सातला, एकटीच.

रविवारी सकाळी तो चौक निराळा असतो. रस्ते ओलांडता येतात. आणि आवाज येतो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी त्या पाण्याचा आवाज ऐकला, आधी बस गेल्यावर उरणारी घरघर वाटली, मग लक्षात आलं. दगड पांढरा नाहीच मुळी. सायीचा रंग आहे, कडांना थोडा करडा. शिंपल्यांच्या पन्हळी एकेक मोजता येतात.

मी एक गोष्ट वाचून गेले होते. पोर्टलँड स्टोन हा समुद्राच्या तळाशी साचून झालेला दगड, साधारण साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यात त्या काळच्या खऱ्या शिंपल्यांचे तुकडे अडकलेले असतात. आपल्या पायाखालचा काळा दगड साडेसहा कोटींचा, म्हणजे त्यापुढे पोरच. तेव्हा फोर्साइथने कोरलेल्या शिंपल्यात कुठेतरी खरा शिंपला दिसेल अशी माझी समजूत. कठड्यापाशी उभी राहून मोबाइलचा कॅमेरा ताणून ताणून शोधत होते. एका कडेला चंद्रकोरीसारखी बारीक रेघ दिसली. शिंपला असेल, टाकीचा घावही असेल.

"मॅडम, आत नका वाकू," सुरक्षारक्षक म्हणाला. तरुण मुलगा, खुर्चीखाली पाण्याची प्लास्टिकची बाटली. मी विचारलं, हे पाणी कुठून येतं? "तेच तेच फिरतंय," त्याने हाताने गोल काढून दाखवला, "खाली पंप आहे. प्यायचं नाही हां ते." विहारचा जोर केव्हाच गेला. आता विजेवर चालतं.

मी माझी बाटली काढली आणि पायरीवर टेकले. समईचं सांगायला आता घरात आई तेवढी उरली होती, म्हणून तिला फोन लावला. ती म्हणाली, "पाणी आहे का गं?" मी फोन कारंज्याकडे धरला. तिला काही ऐकू आलं की नाही कोण जाणे, "हां, हां," म्हणाली.

तेवढ्यात एक कावळा आला. चोचीत वाळका पावाचा तुकडा, बहुधा आदल्या रात्रीचा. आधी रक्षकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सरळ मधल्या शिंपल्याच्या काठावर उतरला. तुकडा पाण्यात टाकला, पायाने दाबून धरला, उलटा केला, परत दाबला. नीट भिजल्याची खात्री झाल्यावर तो खाल्ला, वर चार घोट पाणी प्यायला आणि चोच दगडावर दोन्ही बाजूंनी पुसली.